नियम २२ : चर्चेच्या नावाखाली अडवलेला मताधिकार

अमेरिकी सिनेटची थोरवी सांगताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. फ्रान्सहून परतलेल्या जेफरसनने वॉशिंग्टनला विचारले, की दुसऱ्या सभागृहाची गरजच काय? वॉशिंग्टनने उलट विचारले, की तू हे गरम पेय बशीत का ओतलेस? निवावे म्हणून. तसाच प्रतिनिधिगृहातून उकळत आलेला कायदा सिनेटच्या बशीत ओतायचा आणि निववायचा. बशीने चहा पिणाऱ्या महाराष्ट्राला ही उपमा चटकन पटावी अशीच आहे. अडचण एवढीच, की या संभाषणाला एकही समकालीन पुरावा नाही. दोघेही निवर्तल्यानंतर अनेक दशकांनी ही कथा लोकांसमोर आली.

दंतकथा म्हणून ती निरुपद्रवी ठरली असती. पण मताधिकाराचा एखादा कायदा सिनेटमध्ये अडकला, की ही बशी हटकून बाहेर काढली जाते. घाई नको, सखोल चर्चा हवी, अल्पमताचा आवाज दडपता कामा नये, ही सिनेटची प्राचीन परंपरा आहे, असे सांगितले जाते. या धाग्यात त्या बशीत नेमके काय निवत ठेवले गेले आणि किती वर्षे, याचा हिशेब मांडलेला आहे.

आधी संज्ञा. फिलिबस्टर हा शब्द मूळ डच, स्पॅनिश भाषेतून फिरून इंग्रजीत आलेला. त्याचा मूळ अर्थ लुटारू, चाचा. संसदीय अर्थाने तो म्हणजे चर्चा संपूच न देता विधेयक रोखून धरणे. भारताच्या लोकसभेत चर्चा पुरे झाली असे सभागृहाला वाटले, तर साध्या बहुमताने ती थांबवून मतदान घेता येते. अमेरिकी सिनेटमध्ये तसे नाही. तेथील नियम २२ नुसार चर्चा थांबवण्यासाठी आज १०० पैकी ६० मते लागतात. या ठरावाला क्लोचर म्हणतात. परिणामी एखाद्या विधेयकाच्या बाजूने ५५ सदस्य असले तरी ते संमत होत नाही आणि नामंजूरही होत नाही. ते मतदानापर्यंत पोहोचतच नाही. विधेयक मारले जाते, परंतु मारेकरी म्हणून कोणाच्या नावाची नोंद होत नाही. या सोयीचे महत्त्व पुढे वारंवार दिसेल.

ही रचना घटनाकारांची, असे मानणाऱ्यांनी घटना उघडून पाहावी. जेथे साध्या बहुमतापेक्षा अधिक मते हवीत असे घटनाकारांना वाटले, तेथे त्यांनी ते स्पष्ट लिहिले : परराष्ट्रांशी करार, महाभियोगातील दोषनिश्चिती, सदस्याची हकालपट्टी, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडणे, घटनादुरुस्ती. सामान्य कायद्याचा या यादीत समावेश नाही. तो राहून गेला असेही म्हणता येत नाही, कारण आधीच्या कॉन्फेडरेशनच्या राजवटीत महत्त्वाच्या प्रत्येक निर्णयासाठी १३ पैकी ९ राज्यांची संमती लागे आणि त्या पद्धतीने कारभार कसा ठप्प होतो हे या मंडळींनी भोगले होते. हॅमिल्टनने 'फेडरलिस्ट'च्या २२ व्या निबंधात याच पद्धतीवर टीका केली. निबंधाचा आणि पुढच्या नियमाचा क्रमांक एकच असावा हा योगायोग मौजेचा खरा.

मग हा अडसर आला कोठून? अडगळ आवरताना. १७८९ च्या सिनेट नियमांत चर्चा थांबवून प्रश्न मताला टाकण्याची तरतूद होती. मार्च १८०५ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर पदावरून निवृत्त होत होता. हॅमिल्टनला द्वंद्वयुद्धात ठार करून त्याला आठ महिनेही झाले नव्हते. जाता जाता त्याने सुचवले, की नियमावली आटोपशीर करावी. ही तरतूद फारशी वापरात नाही, ती काढली तरी चालेल. १८०६ मध्ये ती गळाली. तिच्या गळण्याने काय होऊ शकते हे कळायला सुमारे तीन दशके लागली. १८३७ आणि १८४१ मध्ये लांबण लावून कामकाज अडवण्याचे पहिले ठळक प्रयोग झाले.

येथे एक गोष्ट सुधारकांनाही सुनवायला हवी. फिलिबस्टर हे गुलामगिरी टिकवण्यासाठीच निर्माण केलेले हत्यार आहे, ही समाजमाध्यमांवर फिरणारी घोषणा ऐतिहासिकदृष्ट्या कच्ची आहे. त्याच्या जन्माला कोणताही हेतू चिकटलेला नाही. राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावरही ते चालवले गेले. मात्र हेतूविना जन्मलेले हत्यार पुढे कोणाच्या हाती सर्वाधिक काळ राहिले, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर कच्चे नाही.

यादवी युद्धानंतर १८७० मध्ये १५ वी घटनादुरुस्ती अमलात आली : वंश, वर्ण किंवा पूर्वीच्या दास्यावरून कोणाचाही मताधिकार हिरावता येणार नाही. एक तपशील ध्यानात ठेवावा, पुढे लागेल. ही दुरुस्ती काँग्रेसमध्ये केवळ रिपब्लिकन पक्षाच्या मतांवर संमत झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे एकही मत तिला मिळाले नाही. मताधिकाराचा कायदा दोन्ही पक्षांच्या सहमतीनेच व्हायला हवा, असा आग्रह तेव्हा धरला असता तर ही दुरुस्ती झालीच नसती.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी दासांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवले. पुण्यातून दिसणारी अमेरिका त्या वर्षी खरोखर तशी होती. मिसिसिपी राज्यातून हिरम रेव्हल्स हा कृष्णवर्णीय सदस्य सिनेटमध्ये बसून गेला होता, आणि त्याच राज्यातून ब्लँच ब्रूस १८७५ मध्ये बसणार होता. फुले १८९० च्या नोव्हेंबरात निवर्तले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला मिसिसिपीने नवी राज्यघटना स्वीकारली होती : मतदानासाठी २ डॉलरचा कर, आणि राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचून दाखवण्याची किंवा त्याचा 'वाजवी' अर्थ सांगण्याची अट. वाजवी काय, हे ठरवणार गोरा नोंदणी अधिकारी. वर्णाचा उल्लेख एका शब्दानेही नव्हता. १५ वी दुरुस्ती शाबूत राहिली आणि मतदार गेला.

याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये जे घडले ते या साऱ्या इतिहासाचा कणा आहे. म्हणून तेथे थोडे थांबावे लागेल.

मॅसॅच्युसेट्सचे हेन्री कॅबट लॉज यांनी प्रतिनिधिगृहात निवडणूक विधेयक आणले. एखाद्या मतदारसंघातील १०० मतदारांनी अर्ज केला, तर केंद्र सरकारचे पर्यवेक्षक नोंदणीपासून मोजणीपर्यंत काँग्रेसच्या निवडणुकीवर देखरेख ठेवतील, हा त्याचा गाभा. दक्षिणेने त्याला 'बळजबरी विधेयक' असे नाव दिले. आता गंमत पाहावी. त्या काळी प्रतिनिधिगृहातही अडवणुकीची एक युक्ती जोरात होती : सदस्य आसनावर बसलेला असे, पण नाव पुकारल्यावर गप्प राही. उत्तर नाही म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे गणपूर्ती नाही, म्हणजे कामकाज बंद. २९ जानेवारी १८९० रोजी सभापती टॉमस रीड यांनी गप्प बसलेल्यांची नावे स्वतः वाचून त्यांना हजर धरायला सुरुवात केली. केंटकीच्या एका सदस्याने उठून हरकत घेतली, की मला हजर धरण्याचा तुम्हाला अधिकार नाही. रीड यांनी शांतपणे विचारले, की आपण हजर आहात हे सन्माननीय सदस्य नाकारत आहेत काय? सभागृहात गदारोळ झाला, पण नियम बदलला. ज्या सभागृहाने नियम बदलला, त्याच सभागृहाने २ जुलै १८९० रोजी लॉज विधेयक १५५ विरुद्ध १४९ मतांनी संमत केले.

सिनेटने नियम बदलला नाही. विधेयक तेथे हिवाळ्यापर्यंत पडून राहिले. मध्यंतरी नोव्हेंबरच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचा धुव्वा उडाला. ४ मार्च १८९१ ला त्या काँग्रेसची मुदत संपणार होती. आता अडवणूक करणाऱ्यांना विधेयकाच्या विरोधात युक्तिवाद जिंकण्याची गरज उरली नव्हती. त्यांना केवळ दिवस घालवायचे होते, आणि त्यांनी ते भाषणांत घालवले. जॉर्ज फ्रिस्बी होर यांनी विधेयकाची बाजू लढवली, नेल्सन ऑल्ड्रिच यांनी चर्चा थांबवण्याचा नियम आणू पाहिला. पण लांबलेल्या प्रत्येक आठवड्याबरोबर सौदेबाजीला वाव वाढत गेला. पश्चिमेकडील रौप्यवादी रिपब्लिकन सदस्यांना चांदीच्या नाण्यांचा कायदा हवा होता. कृष्णवर्णीयांच्या मतापेक्षा चांदी त्यांना जवळची होती. जानेवारीच्या अखेरीस त्यांच्यापैकी काहींनी डेमोक्रॅटांशी हातमिळवणी केली आणि विधेयक बाजूला सारण्याचा ठराव ३५ विरुद्ध ३४ मतांनी मंजूर झाला.

शेवटचा घाव बहुमतानेच घातला, हे मान्य करायला हवे. परंतु त्या बहुमताला फुटण्याइतका वेळ कोणी मिळवून दिला, हे पाहिल्याशिवाय तो घाव समजत नाही. प्रतिनिधिगृहात नियमाची कोंडी फुटली आणि विधेयक पार झाले. सिनेटमध्ये ती फुटली नाही आणि विधेयक कुजले. विधेयक एक, काँग्रेस एक, पक्षही तेच. फरक फक्त नियमावलीचा.

पुढे काय झाले ते लुइझियानाच्या मतदार याद्यांत स्वच्छ दिसते. १८९६ मध्ये तेथे १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ च्या राज्यघटनेने साक्षरतेची आणि मालमत्तेची अट घातली; ज्यांचे बाप-आजे १८६७ च्या आरंभी मतदार होते त्यांना मात्र सूट, म्हणजे गोऱ्यांना. १९०० मध्ये आकडा ५,३२० वर आला, १९०४ मध्ये १,३४२ वर. १८९४ मध्ये काँग्रेसने उरलेसुरले जुने अंमलबजावणी कायदेही बहुतांशी रद्द केले. उत्तर कॅरोलिनाचे जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यानंतर दक्षिणेतून दुसरा कृष्णवर्णीय प्रतिनिधी तेथे पोहोचायला १९७३ साल उजाडले. बशीत निवण्याचा अर्थ हा असा आहे.

सिनेटला चर्चा थांबवता येत नाही याचे वैषम्य राज्यकर्त्यांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाटले ते १९१७ मध्ये. तेही मताधिकारासाठी नव्हे. व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचे विधेयक मूठभर सदस्यांनी अडवले, राष्ट्राध्यक्ष विल्सन संतापले, आणि ८ मार्चला ७६ विरुद्ध ३ अशा मतांनी क्लोचरचा नियम संमत झाला : उपस्थित मतदात्यांपैकी दोन तृतीयांश. युद्धाची निकड होती, तेव्हा शंभरहून अधिक वर्षांची 'परंपरा' काही दिवसांत वाकली. ही तत्परताही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतरचा काळ एका कराच्या कथेतून सांगता येतो. दक्षिणेतील मतदान कर वर्षाकाठी एक-दोन डॉलरचा असे. काही राज्यांत तो साचत जाई, म्हणजे मागील थकबाकी फेडल्याखेरीज मत नाही. वाट्याने शेती करणाऱ्या ज्या कुटुंबाच्या हाती वर्षभर रोख पैसाच येत नसे, त्याला ही रक्कम म्हणजे दाराला लावलेला अडसर. तो गरीब गोऱ्यांनाही अडवी. प्रतिनिधिगृहाने हा कर रद्द करणारे विधेयक १९४२, १९४३, १९४५, १९४७ आणि १९४९ असे पाच वेळा संमत केले. सिनेटमध्ये ते पाचही वेळा संपले. १९४२, १९४४ आणि १९४६ मध्ये क्लोचरचे प्रयत्न फसले. १९४८ मध्ये तर पीठासीन अधिकारी आर्थर व्हँडेनबर्ग यांनी निर्णय दिला, की नियम २२ फक्त विधेयकावरील चर्चा थांबवू शकतो, विधेयक चर्चेला घ्यावे की नाही यावरची चर्चा नाही. म्हणजे दार बंद करण्याचा मार्ग आहे, पण दारापर्यंत जाण्याच्या वाटेवर कोणी आडवे पडले तर इलाज नाही.

ही विसंगती दूर करण्यासाठी १९४९ मध्ये नियम दुरुस्त झाला. किंमत मात्र भारी होती. क्लोचर आता सर्व टप्प्यांना लागू झाला. पण त्यासाठी उपस्थितांच्या नव्हे, तर एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते आवश्यक ठरली, आणि नियम बदलण्याच्या प्रस्तावावर क्लोचर लागूच होणार नाही अशी पुस्ती जोडली गेली. म्हणजे कुलूप लावून किल्ली पेटीतच ठेवली. ही पुस्ती निघाली १९५९ मध्ये.

या साऱ्या व्यूहाचे सेनापती जॉर्जियाचे रिचर्ड रसेल. वैयक्तिक वागणुकीत सभ्य, नियमावली तोंडपाठ, सभागृहात आदर. दक्षिणेतील अठरा-वीस सदस्यांच्या त्यांनी तुकड्या पाडल्या होत्या. एक तुकडी बोले, बाकीच्या झोप काढत. आणि येथेच चित्रपटाने रुजवलेली प्रतिमा फसवते. १९३९ च्या 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्ये एकटा प्रामाणिक सदस्य घसा बसेपर्यंत बोलतो आणि कोसळतो. प्रेक्षकाला वाटते फिलिबस्टर म्हणजे एकट्याची तपश्चर्या. वास्तवात ओझे बहुमतावर असे. अडवणूक करणाऱ्यांचे दोघे-तिघे सभागृहात असले तरी पुरे. पण गणपूर्तीची मागणी होताच बहुमताला मध्यरात्रीही ५१ सदस्य उभे करावे लागत. १९६० मध्ये नागरी हक्क विधेयकासाठी रात्रंदिवस कामकाज चालले, तेव्हा सिनेटच्या इमारतीत खाटा टाकाव्या लागल्या. थकले ते विधेयकाचे समर्थक.

चित्रपटातील स्मिथचा खराखुरा अवतार म्हणाल तर दक्षिण कॅरोलिनाचे स्ट्रॉम थर्मंड. ऑगस्ट १९५७ मध्ये ते २४ तास १८ मिनिटे अखंड बोलले. कशाविरुद्ध? मताधिकाराचे संरक्षण करू पाहणाऱ्या, आणि तोपर्यंत दात काढून घेतलेल्या, विधेयकाविरुद्ध. ते विधेयक संमत झालेच, कारण रसेल यांनी आधीच पडद्याआड सौदा करून त्यातील धार काढून टाकली होती. फिलिबस्टरची खरी ताकद भाषणात नसून भाषणाच्या धाकात असते, हे रसेल जाणून होते. थर्मंड यांच्या विक्रमावर ते नाराजच होते.

१९६२ मध्ये साक्षरता चाचणीवर मर्यादा घालणारे, सहावी उत्तीर्ण व्यक्तीला साक्षर मानावे इतकी माफक मागणी करणारे विधेयकही क्लोचरअभावी पडले. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनसमोर प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती आणि १९५२ पर्यंत भारतातील कोट्यवधी निरक्षरांनी मतदान केलेही होते. त्यानंतर दहा वर्षांनी अमेरिकी सिनेट सहावी उत्तीर्ण माणसाच्या मताबद्दल साशंक होते. मतदान कर हटवायला तर १९६४ मध्ये २४ वी घटनादुरुस्तीच करावी लागली, तीही केवळ केंद्रीय निवडणुकांपुरती. दोन डॉलरच्या करासाठी दोन्ही सभागृहांचे दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश राज्ये! साध्या कायद्याची वाट इतकी पक्की बुजवलेली होती.

फिलिबस्टरचे समर्थक येथे आपला हुकमी एक्का टाकतात : १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा फिलिबस्टर मोडूनच संमत झाले ना? मग यंत्रणा कार्यक्षम आहे. तिने व्यापक सहमती घडवली. हा युक्तिवाद वरवर देखणा आहे, म्हणून त्याची चिरफाड सावकाश करायला हवी.

पहिले, ती सहमती नियमांच्या चौकटीत शांतपणे बसून घडली नाही. नागरी हक्क विधेयकांची स्मशानभूमी म्हणून कुख्यात असलेल्या न्याय समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड. १९६४ चे विधेयक त्या समितीला वळसा घालून थेट सभागृहाच्या कामकाजात घ्यावे लागले. १९६५ मध्ये विधेयक समितीकडे गेले, पण ९ एप्रिलपर्यंत परत पाठवा, अशी तारीख बांधूनच. दोन्ही वेळा नेहमीची रीत आधी वाकवली, मग कायदा झाला.

दुसरे, या सहमतीची किंमत कोणी मोजली? १९६४ ची अडवणूक ६० कामकाजी दिवस चालली. १० जूनला क्लोचरचे मतदान झाले. मेंदूच्या अर्बुदामुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकांच्या खुर्चीतून आले. त्यांचे नाव पुकारल्यावर त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवले, इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच. ७१ विरुद्ध २९. नागरी हक्कांच्या विधेयकावर सिनेटने प्रथमच क्लोचर मंजूर केला होता.

१९६५ चा कायदा त्याहून महाग पडला. अलाबामातील सेल्मा शहर ज्या डॅलस काउंटीत येते, तेथे मतदानास पात्र वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते. नोंदलेले मतदार तीनशेच्या आसपास. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना काठ्यांनी आणि अश्रुधुराने झोडपले. पंचवीस वर्षांच्या जॉन लुइस यांची कवटी फुटली. ज्याच्या नावाचा तो पूल, तो पेटस कॉन्फेडरसीचा सेनानी आणि नंतर अलाबामाचा सिनेटर; १८९७ मध्ये, लॉज विधेयक बुडाल्यानंतर सहा वर्षांनी, तो सिनेटमध्ये दाखल झाला होता. ते दृश्य दूरचित्रवाणीवर देशभर दिसले. आठवडाभराने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन काँग्रेससमोर उभे राहिले. २५ मे रोजी ७० विरुद्ध ३० मतांनी क्लोचर, ६ ऑगस्टला स्वाक्षरी. रक्त सांडल्याशिवाय आणि ते कॅमेऱ्यावर दिसल्याशिवाय जी सहमती घडत नाही, तिचे श्रेय नियमावलीला देणे हा त्या पुलावरच्या माणसांचा उपमर्द आहे.

तिसरे, काळ. १८९१ ते १९६५ ही ७४ वर्षे होतात. लुइझियानाच्या यादीतून १८९८ मध्ये ज्याचे नाव कापले गेले, तो तिशीतील माणूस बहुधा पुन्हा मत न देताच मेला. त्याचा मुलगाही कदाचित. आणि कायदा झाल्यावर किती काळ लागला? मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी कायद्यापूर्वी ६.७ टक्के होती. १९६७ पर्यंत ती ५९.८ टक्के झाली. दोन वर्षे. दक्षिणेतील समाज अजून तयार नव्हता, हळूहळू तयार होत होता, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. यादीत नाव घालायला माणसे कायमच तयार होती.

१९७५ मध्ये क्लोचरची अट एकूण सदस्यांच्या तीन पंचमांशांवर, म्हणजे ६० वर, आली. सुधारणा म्हणून तिचे स्वागत झाले. परंतु त्याच दशकाच्या आरंभी बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी एक विधेयक अडले असताना दुसरे काम चालू ठेवण्याची दुपदरी पद्धत आणली होती. सभागृह ठप्प होऊ नये हा हेतू चांगलाच. फळ उलटे आले : आता बोलण्याचीही गरज उरली नाही. आमची हरकत आहे, एवढा निरोप पुरतो. थर्मंड निदान एक अहोरात्र उभे तरी राहिले होते.

२००६ मध्ये मताधिकार कायद्याचे नूतनीकरण सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० अशा मतांनी झाले. सहमती हवी असेल तर ही घ्या. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा निकालाने त्याचा कणा मोडला : ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट, त्यांनी निवडणूक नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी, ही तरतूद कोणाला लागू हे ठरवणारे सूत्रच रद्द झाले. टेक्सासने त्याच दिवशी आपला कडक ओळखपत्र कायदा लागू करण्याचे जाहीर केले. न्यायालयाचे म्हणणे होते, की काँग्रेसने नवे सूत्र बनवावे. काँग्रेस म्हणजे सिनेटही, आणि सिनेट म्हणजे ६० मते.

मार्च २०२१ मध्ये जॉर्जियाने मतदान केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांना पाणी वाटणे हा गुन्हा ठरवणारा कायदा केला. प्रतिनिधिगृहाने ऑगस्टमध्ये जॉन लुइस यांच्या नावाचे विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये क्लोचरचे प्रयत्न जून, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात फसले. १९ जानेवारी २०२२ रोजी निदान या विधेयकापुरते तरी प्रत्यक्ष उभे राहून बोलावे आणि मग साध्या बहुमताने मतदान व्हावे, असा प्रस्ताव आला. तो ४८ विरुद्ध ५२ असा पडला. डेमोक्रॅटिक पक्षाचे जो मॅन्चिन आणि कर्स्टन सिनेमा विरोधकांबरोबर गेले. मताधिकाराचा कायदा दोन्ही पक्षांच्या सहमतीने व्हावा, असा मॅन्चिन यांचा आग्रह होता. १५ व्या घटनादुरुस्तीला विरोधी पक्षाची किती मते मिळाली होती, ते वर आलेच आहे.

नियम पवित्र म्हणून हात लावला नाही, हेही खरे नाही. २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी न्यायाधीशांच्या बहुतेक नेमणुकांसाठी आणि २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीसाठी ६० ची अट उडवली. अर्थसंकल्पीय विधेयकांना १९७४ पासून वेगळी वाट आहे. आणि डिसेंबर २०२१ मध्ये, त्या पराभवाच्या जेमतेम सहा आठवडे आधी, सरकारी कर्जाची मर्यादा वाढवण्यासाठी याच सिनेटने एकवेळचा अपवाद कायद्यानेच मंजूर केला : त्या एका ठरावाला साधे बहुमत पुरेल. दिवाळखोरी टाळण्यासाठी बशी बाजूला ठेवता आली.

उरतो शेवटचा आक्षेप : आज तुम्ही हा अडसर काढाल, उद्या विरोधक सत्तेत आले तर काय? आक्षेप खोटा नाही. बहुमत वाईट कायदेही करते. पण ते ज्या निवडणुकीत बदलता येते, त्या निवडणुकीत कोण मत देणार हेच ठरवणारा कायदा या नियमाखाली अडकलेला आहे. शिवाय अल्पमताच्या संरक्षणासाठी सिनेटची घडण आधीच पुरेशी कललेली आहे. २०२० च्या जनगणनेनुसार ३ कोटी ९५ लाखांच्या कॅलिफोर्नियाला दोन सदस्य, आणि ५ लाख ७७ हजारांच्या वायोमिंगलाही दोनच. त्यावर पुन्हा ६० ची अट. ज्या अल्पमताचे रक्षण नियम २२ ने केले ते सिनेटमधील अल्पमत होते. लुइझियानातील अल्पसंख्याकांच्या वाट्याला त्याचे दुसरे टोक आले.

जॉन लुइस १७ जुलै २०२० रोजी वारले. त्यांच्या नावाचे विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहात पुन्हा मांडले गेले. ते मांडणाऱ्या टेरी सूएल ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करतात त्यात सेल्मा येते, आणि तेथील पुलाचे नाव अजून एडमंड पेटस हेच आहे.